शेवाळाने धरलेला धातू जातो कुठे?

महोदय,

शेवाळ आणि खनिजांच्या साह्याने कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याविषयीची आपल्या दैनिकातील बातमी वाचली. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या, म्हणजे विजेच्या साह्याने धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या सांडपाण्याची तपासणी हे माझे रोजचे काम असल्याने या विषयाला ठळक जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पण शेवाळ जड धातू ‘संपवते’ असा जो समज बातमीतून होतो, तो धोकादायक आहे.

तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही जीव त्यांचे विघटन करू शकत नाही. शेवाळाच्या पेशीभित्तिकेवरील ऋणभारित गटांना धनभारित धातू चिकटतात, मुख्यतः एवढेच घडते. म्हणून तर वाळवून भुकटी केलेले, मेलेले शेवाळही हे काम करते. तपकिरी समुद्री शेवाळ त्याच्या पेशीभित्तिकेतल्या अल्जिनेट या चिकट पदार्थामुळे यात विशेष सरस ठरते. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आणि बेंटोनाइट ही चिकणमातीही स्वतःकडचे सोडियम, कॅल्शियम सोडून त्या जागी दुसरे धनभारित आयन (विद्युतभारित कण) धरतात. २०११च्या दुर्घटनेनंतर फुकुशिमात किरणोत्सारी सीझियम पकडण्यासाठी झिओलाइट वापरले गेले, ते याच गुणामुळे.

सगळेच धातू मात्र असे सरळ वागत नाहीत. प्लेटिंगमधले सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात ऋणभारित क्रोमेट म्हणून असते आणि बेंटोनाइटसारख्या मातीचा पृष्ठभागही ऋणभारितच. तिथे नुसती माती ओतून काही होत नाही. आधी क्षपण करून, म्हणजे रासायनिक क्रियेने इलेक्ट्रॉन पुरवून, ते तीन संयुजेचे करावे लागते. जिवंत शेवाळाच्या अडचणी आणखी वेगळ्या. रंग मिसळलेल्या गडद सांडपाण्यात ऊन खाली पोहोचत नाही आणि धातू जास्त असले तर शेवाळच मरते. त्यामुळे खनिज आधी, जिवंत शेवाळ शेवटी, हा क्रम मला योग्य वाटतो. शेवटच्या उथळ तळ्यात ते उरलेले नायट्रोजन, फॉस्फरस घेते, शिवाय दिवसा ऑक्सिजन सोडते, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज वाचते.

पुढचा प्रश्न ते शेवाळ पाण्यातून काढायचा. हिरवे पाणी बीकरमध्ये ठेवून पाहावे. तासन्‌तास तसेच हिरवे राहते. पेशी जेमतेम काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात एकमेकींना दूर लोटणाऱ्या. तुरटीबरोबर थोडी चिकणमाती टाकून हलके ढवळले की बारीक गुठळ्या दिसू लागतात, मातीच्या वजनाने खाली बसतात आणि वर नितळ पाणी उरते. शेवाळ आणि खनिज यांची ही जोडी मला फार मोलाची वाटते.

पण खाली बसलेल्या त्या गाळात धातू आहेच. सौम्य आम्लाने तो सोडवून तांबे, निकेल परत मिळवता येते आणि तेच शेवाळ पुन्हा काही वेळा वापरता येते. हे केले तरच या पद्धतीला शाश्वत म्हणता येईल. एरवी तो घातक कचराच; त्याची विल्हेवाटही तशीच लागली पाहिजे. खत किंवा पशुखाद्य म्हणून तो कदापि बाहेर जाता कामा नये.

अशा प्रकल्पांवर पुन्हा लिहाल तेव्हा बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या आकड्यांबरोबर दोन गोष्टी कृपया जरूर विचाराव्यात: धातूने भरलेले शेवाळ आणि खनिज किती वेळा वापरले जाते, आणि त्यानंतर ते कोणाच्या ताब्यात जाते?

— सांडपाणी प्रयोगशाळेतील एक रसायनतज्ज्ञ