आई-बाबा, मी एक कागद करून आलेय

आई, बाबा,
फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन अंगणात जातात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, मधेच दादाला फोन लावू नका, त्याला माहितीय.

मी लिव्हिंग विल केलंय. गुरुवारी दोन साक्षीदारांसमोर सही केली, नोटरीही झाली. आई, ट्रीटमेंट सोडलेली नाही गं, पुढची केमो ठरल्या दिवशी घेणारच आहे. कागदात एवढंच आहे की मी बरी होण्यातली राहिले नाही आणि मला स्वतःला सांगताही येत नसलं, तर नुसतं मशीनवर ठेवू नका. दुखणं कमी करायची औषधं मात्र शेवटपर्यंत द्यायची, हे मुद्दाम लिहून घेतलंय. आणि मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

बाबा, तुम्ही आधी कायदा विचाराल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिलीय, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून नोटरी चालतो. कागद दाखवला की लगेच नळ्या काढल्या असंही होत नाही, आधी हॉस्पिटलचे तीन डॉक्टर बघतात, मग दुसरं तिघांचं बोर्ड, आणि कागदात ज्यांची नावं आहेत त्यांची संमती.

त्यात तुमचं नाव नाहीये बाबा. जावयाचं आणि दादाचं आहे. रागावू नका. आजी नळी ओढते म्हणून तिचे हात कॉटला बांधले होते ना, पाटलीचा वळ होता नेमकी तिथेच ती पट्टी काचायची, तुम्ही आत जाऊन गाठ सैल करायचात आणि बाहेर येऊन पुढच्या फॉर्मवर सही करायचात. तसली सही तुमच्या हातून परत नको, माझ्यासाठी तर नकोच.

बाकी मी ठीक आहे. मेतकूट-भात जातो, झोपही लागते. परवा ताप भरला तेव्हा मात्र गोवर आला होता तेव्हासारखं आईच्या पदरात तोंड खुपसून पडावंसं वाटलं.

कॉपी पोस्टाने येईल, एलआयसीच्या फाईलीत ठेवा, कुलपात नको. बाबा, बीपीची गोळी रोज, एकाआड एक नाही. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही. आणि दोघं पुण्याला या आता, चिपळूणहून सकाळच्या एसटीने, येताना कुळथाचं पीठ आण.

तुमची,
ताई