उरलेला रंग पेंटर निघण्याआधी ताब्यात घ्या

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते आणि काम आटोपले की अर्धवट डबे जिन्याखाली, माळ्यावर किंवा गच्चीवरच्या टाकीशेजारी जाऊन बसतात. पुढच्या पावसाळ्यानंतर कुठे पोपडा सुटला, नळासाठी भिंत फोडावी लागली की त्यांची आठवण होते. झाकण उघडावे तर आत घट्ट गोळा, नाहीतर सडक्या अंड्याचा वास. मग ‘जुना झाला’ म्हणून रंग फेकला जातो. वास्तविक असा रंग वयाने क्वचितच बिघडतो. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याची जी हेळसांड होते, तिने तो बिघडतो.

इमल्शन, म्हणजे बोलीतला प्लॅस्टिक पेंट, मारताना लिटरला साधारण ३०० ते ४०० मिली पाणी घालतात. ते घालावेच लागते, पण पाणी घातलेला रंग साठवायचा नसतो. कंपनीने त्यात जे जंतुनाशक घातलेले असते, त्याचे प्रमाण मूळ घट्ट रंगाच्या हिशोबाने असते. टाकीचे पाणी मिसळले की ते विरळ होते आणि पाण्यातून, ब्रशमधून जिवाणू आत शिरतात. रंगाला दाटपणा देणारे सेल्युलोज ते खाऊन टाकतात. रंग पातळ पडतो, वास मारतो, कधी आत वायू धरून झाकणही फुगते. म्हणून मिसळलेला रंग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावा. होते असे की, जाताना पेंटर बादलीतला उरलासुरला पातळ रंग मूळ डब्यात ओततो आणि झाकण ठोकून देतो. चांगला रंगही त्यात नासतो. काम ठरवतानाच स्पष्ट बोलून घ्यावे: लागेल तेवढाच रंग वेगळ्या बादलीत काढून त्यात पाणी घालायचे, मूळ डब्यात ब्रश बुडवायचा नाही आणि उरलेला घट्ट रंग घरमालकाच्या हाती द्यायचा.

दुसरा शत्रू हवा. २० लिटरच्या बादलीत एक लिटर रंग उरला तर त्याच्यावर १९ लिटर हवा असते. इमल्शनमधले पाणी त्या हवेत उडते, कडेला सुकलेले पापुद्रे पडतात आणि तेच पुढे भिंतीवर खडे होऊन उठतात. ऑइलपेंटचे गणित वेगळे आहे: तो हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो, त्यामुळे आत हवा असेल तोवर डबा बंद असूनही वर साय धरत राहते. दोन्हींवर उपाय एकच, भांडे लहान करणे. एक लिटर रंग एक लिटरच्याच डब्यात, वर बोटभर जागा ठेवून भरावा.

भांडे निवडतानाही चूक होते. इमल्शन पाण्याचे असल्याने साध्या पत्र्याच्या डब्यात घालू नये, पत्रा गंजतो आणि पांढऱ्या रंगात तांबूस डाग उतरतात. त्याला जाड प्लॅस्टिकचा डबा किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाची काचेची बरणी बरी. ऑइलपेंटला मात्र पत्र्याचाच डबा हवा. भरण्याआधी भांडे कोरडे ठणठणीत असावे आणि रंग जुन्या मलमलीतून गाळून घ्यावा. मग पॉलिथिनची गोल चकती कापून ती थेट रंगावर टेकवावी, मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. ऑइलपेंटवर चकतीऐवजी चमच्याच्या पाठीवरून दोन-तीन चमचे टर्पेंटाइन अलगद सोडले तरी चालते. तो थर ढवळायचा नाही, वापरायच्या दिवशी ढवळायचा. डब्याच्या तोंडाची खाच फडक्याने स्वच्छ पुसावी. खाचेतला रंग सुकला की झाकण नीट बसत नाही, आणि पुष्कळ डबे याच कारणाने वाया जातात. झाकणावर सरळ हातोडी मारली तर ते वाकते. वर लाकडाची फळी ठेवून कडेकडेने ठोकावे.

डब्यावर खोली, शेडचा कोड, बेसचे (ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगाचे) नाव, चमक मॅट की सॅटिन आणि तारीख लिहावी. हल्लीच्या शेड दुकानातल्या मशिनवर बेसमध्ये रंगद्रव्य टाकून बनतात. नुसते ‘क्रीम’ म्हटल्याने पुन्हा तीच शेड मिळत नाही. दुकानदाराच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवावा आणि झाकणावर रंगाचा एक फटकारा मारावा, कारण वाळलेला रंग ओल्यापेक्षा वेगळा दिसतो.

डबा घरातच, सावलीत, जमिनीपासून वर फळीवर ठेवावा. गच्चीवरचा पत्रा एप्रिल-मे महिन्यांत इतका तापतो की रंग तिथे टिकत नाही. कोकणात तर ओल्या फरशीवर टेकलेल्या डब्याचा तळ एका पावसाळ्यात गंजतो. सोसायट्यांना कळकळीची विनंती: ऑइलपेंट, थिनर, टर्पेंटाइन जिन्याखालच्या मीटररूमजवळ अजिबात ठेवू नका. तिथे आग लागली तर बाहेर पडण्याचा रस्ताच बंद होतो. आणि थिनर, टर्पेंटाइन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये. लहान मूल पाणी समजून पिते, ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. असे झालेच तर उलटी करवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

डबा पुन्हा उघडल्यावर वर पाणी आलेले दिसले तर घाबरू नये. तळापासून पाच मिनिटे ढवळावे, एकजीव झाला तर रंग चांगला आहे. ढवळूनही दही फाटल्यासारखे कण राहिले किंवा कुजका वास आला तर तो भिंतीला लावू नये. तो वास नंतर खोलीत राहतो. ऑइलपेंटवरची साय फोडून ढवळणे ही सर्रास होणारी चूक. ती सुरीने कडेने कापून अखंड उचलावी आणि खालचा रंग गाळावा. साध्या टचअपला ज्या रोलरने भिंत रंगवली त्याच जातीचा छोटा रोलर वापरावा, ब्रशचा ठिपका उन्हात लगेच उठून दिसतो. दोन-तीन वर्षांनंतर भिंतीचाच रंग उडालेला असतो. तेव्हा तुकडा न रंगवता एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्यावी. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १०० चौरस फुटांना पुरते, तेव्हा तेवढे राखून ठेवणे पुरेसे आहे.

एक सावधगिरी जुन्या डब्यांबाबत. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट कितीही चांगला टिकलेला असला तरी पाळणा, खिडकी, खेळणी यांना लावू नये.

बिघडलेले इमल्शन मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. लाकडाच्या भुश्यात किंवा वाळूत कालवून उघड्यावर वाळवा. रंगाचे टाकाऊ डबे घनकचरा नियमांनी वेगळ्या द्यायच्या घरगुती कचऱ्यात घातले आहेत. म्हणून ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, ‘रंग’ असे लिहून घंटागाडीवर वेगळे द्या.

– एक रंगकाम ठेकेदार, सांगली