सगळं खापर आनुवंशिकतेवर नको

संपादकांना नमस्कार,

पोराची हनुवटी मागे गेलेली दिसली, दात एकावर एक चढलेले दिसले की घरातले लगेच म्हणतात आजोबांवर गेलाय, आणि विषय तिथेच मिटतो. हे अर्धंच खरंय आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघायचं वय फार लवकर निघून जातं म्हणून लिहितेय.

आनुवंशिकता असतेच, कोण नाही म्हणतंय. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यात पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं झाली आणि पुढे आलेला खालचा जबडा ही त्यांची ओळखच झाली, स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१ ते १७००) याचे आईवडील तर सख्खे मामा-भाची होते.

पण १९८३ साली प्रसिद्ध झालेली चंदीगडकडची पाहणी बघा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी खेड्यातली आणि शहरातली मुलं तपासली, लोक तेच पंजाबी, तरी शहरातल्यांचे दात जास्त वेडेवाकडे निघाले आणि संशयाचं बोट गेलं मऊ खाण्याकडे. चावायचा ताण पडला की जबड्याचं हाड भरतं, तो नसला तर जबडा लहान राहतो, दातांचा आकार मात्र बराचसा जीन्सनी आधीच ठरवलेला, मग त्यांना जागा कुठून मिळणार? तरी आपण दाढा आलेल्या मुलांनाही बिस्किटं चहात बुडवून देतो, ऊस, गाजर, भाकरीचा पापुद्रा यांच्या वाटेला जाऊ देत नाही.

दुसरं नाकाचं. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात मुलांना अ‍ॅडेनॉइड नावाच्या मऊ गाठी असतात. अ‍ॅडेनॉइड वाढलेले असले किंवा कायमची अ‍ॅलर्जी असली की मूल तोंडाने श्वास घेतं, जीभ खाली पडून राहते, टाळूला तिचा आधार मिळत नाही, मग टाळू अरुंद आणि चेहरा लांबट होऊ शकतो. स्वीडनमधे लिंडर-आरॉन्सन यांनी अ‍ॅडेनॉइड काढलेल्या मुलांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं, तर ज्यांचा नाकाने श्वास सुरू झाला त्यांच्या खालच्या जबड्याची वाढ पुन्हा पुढच्या दिशेने व्हायला लागली. हे वाढत्या वयातच होतं. रील्स बघून, जबडा रेखीव होईल म्हणून जीभ टाळूला दाबत बसणाऱ्या कॉलेजच्या मुलांची हाडं तोवर बरीचशी वाढून झालेली असतात, त्यांना खोटी आशा दाखवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

शाळेतल्या आरोग्य तपासणीत दातांची कीड बघतात, तिथेच पालकांना विचारा की मूल घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का, आणि हो म्हणाले तर तारा लावायच्या गोष्टी करण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. तुमच्या आरोग्य पुरवणीत हे दोन प्रश्न छापले तरी पुष्कळ घरांपर्यंत पोचतील.

आपली,
एक वाचक, शिरूर