माजिवड्याला मदत केलेल्यांचे आभार

रविवारी ठाण्यात माजिवडा पुलाखाली बाबांची १९९८ची गाडी बंद करून उभा होतो, पेट्रोलचा नुसता भपकारा आणि मागच्या सीटखाली रस्त्यावर टपटप चालू, तेव्हा धावून आलेले दोन रिक्षावाले दादा आणि भाजी घेऊन चाललेल्या काकू, तुमचे खूप खूप आभार. एकाने आधी बिडीवाल्याला लांब हाकललं, दुसऱ्याने काकूंच्या पिशवीतला कपड्यांचा साबण टाकीच्या भोकावर घासघासून बसवला आणि गळती खरंच थांबली राव! वर बजावलं, हे गॅरेजपर्यंतच, आणि वेल्डिंग नको हां, रिकाम्या टाकीतली वाफ पण भडकते. टाकी तिला गाडीखाली धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखाली चिखल साचून सडलेली, नखाने पापुद्रे निघत होते. नवीनच बसवली. काकू, साबणाचे पैसे राहिले बघा.