बाबा, फोन लगेच आईकडे देऊ नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण मागचे तीन रविवार बाबा "घे, मायशी बोल" म्हणून फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतात. पत्र तसं देता येणार नाही. आई, चष्मा लाव आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाच. बाबा गोठ्याकडे उठून गेले तरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

दादाच्या पोट्ट्यानं फोटो दाखवला हे मला कळलं. डोक्यावर हेल्मेट, लाल होडी, मागे पांढरं पाणी. आई म्हणाली, "हे तूच काय वं?" मी म्हटलं, हाव. बाबांनी काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं. दोन वर्षांपासून मी होडी चालवते आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझीच. आपल्या घरात पाणी म्हटलं की नाला आठवतो, आणि नाला म्हटलं की काकांची वाहून गेलेली बैलजोडी. त्या घरात हे कसं सांगायचं, तेच सुचत नव्हतं.

आता सगळं सांगते.

फोटोतल्या ओढ्याचं नाव फॉसिल क्रीक. इथे अमेरिकेत, फिनिक्स शहराहून गाडीनं काही तासांवर, कोरड्या डोंगरांतल्या एका खोल दरीत तो वाहतो. वरून बघाल तर निवडुंग, दगड आणि मेस्किटची झुडपं. हे मेस्किट म्हणजे लोणारच्या सरोवराभोवती माजलेल्या वेड्या बाभळीचीच बहीण, काटेसुद्धा तसेच. अशा उजाड जागी खाली उतरावं तर अचानक निळंहिरवं, तळ दिसेल असं पाणी. थोड्याशा अंतरात कितीतरी झरे एकदम फुटतात. सगळे मिळून मिनिटाला साधारण ७५ हजार लिटर पाणी देतात. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका सेकंदाच्या आत भरून वाहायला लागेल, एवढं. उन्हाळा असो की हिवाळा, झऱ्याचं पाणी २१-२२ अंशांवर.

आई, तू मला अधिकमासात लोणारच्या धारेखाली धरायचीस. गोमुखातली ती धार दुष्काळातही आटत नाही, याचं तुला केवढं कौतुक. मी झऱ्यापाशी पोचले तेव्हा पाण्यात हात घातला आणि पहिल्यांदा तूच आठवलीस. फरक एवढाच की आपली धार काळ्या पाषाणातून येते आणि हे पाणी चुनखडीतून. त्यामुळे त्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर येऊन खळाळलं की त्यातला वायू उडून जातो आणि चुना बाहेर पडून बसतो: फांदीवर, पानावर, दगडावर. पानांचे दगड झालेले दिसतात, ओढ्याला नावही त्यावरूनच पडलं. जिथे पाणी जास्त आपटतं तिथे चुना जास्त बसतो, म्हणून काठ आणखी उंच होतो, म्हणून पाणी आणखी जोरानं आपटतं. ओढा आपले बंधारे आपणच बांधत जातो. बिनसिमेंटचे.

आता बाबांना न पटणारी गोष्ट. जवळजवळ शंभर वर्षं हे पाणी ओढ्यात नव्हतंच. वर एक धरण बांधून सगळं पाणी पाटात घातलं होतं, विजेसाठी. खाली दोन वीजघरं होती, एक १९०९ सालचं, दुसरं १९१६ चं. खेचरांवर सामान लादून आणि तिथल्या मूळच्या अपाचे जमातीचे मजूर लावून ते काम झालं. तिथली वीज खाणींना गेली, पुढे फिनिक्सलाही. मग २००५ च्या जूनमध्ये वीजघरं बंद करून पाणी पुन्हा ओढ्यात सोडलं, आणि नंतर धरणाचा वरचा भाग कापून टाकला. २००९ पासून ओढ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल, येडे झाले काय लोकं? आम्ही इथं पाटाच्या पाण्यासाठी अर्ज करून करून म्हातारे झालो आणि ते चालू पाट बंद करतात? मलाही आधी हेच वाटलं, कारण शेवटी मी तुमचीच पोरगी. पण या पाटावर कोणाचं शेत नव्हतं. पाणी आधीही खाली व्हर्डी नदीलाच जात होतं, आताही तिलाच जातं. फक्त मधला ओढा तेवढा कोरडा पडलेला होता, आणि वीज तशी थोडीच निघायची. पाणी सोडायच्या आधी त्यांनी ओढ्यातले मूळचे मासे पकडून हेलिकॉप्टरनं हलवले, बाहेरून आणून सोडलेल्या जाती औषध घालून मारल्या, खाली एक अडथळा बांधला आणि मग मूळचे मासे परत आणून सोडले. माशांना हेलिकॉप्टर! आपल्या सर्कलमध्ये पंचनाम्याला माणूस यायला पंधरा दिवस लागतात. असो.

तर होडी. १ एप्रिल ते १ ऑक्टोबर तिथे पास काढल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, म्हणून आम्ही चौघं मार्चमध्ये गेलो. जुन्या पाटाच्या वाटेनं होडी खांद्यावर घेऊन तास-दोन तास चढावं लागतं. प्लास्टिकची आखूड होडी आहे, पण दुसऱ्या तासाला पोत्यासारखी लागते. आमच्यात एक साठीची बाई आहे, तिच्याकडूनच मी शिकले. तिचा नियम: जे दिसत नाही त्यात उतरायचं नाही. वळण आलं की काठाला लागायचं, चालत पुढं जाऊन पाणी बघून यायचं, मग ठरवायचं. दगडाच्या मागं पाणी उलटं फिरतं, तिथं होडी थांबते. एका दगडामागून दुसऱ्या दगडामागे असं थांबत थांबत जायचं. फोटोत वाटतं तसं सुसाट जात नाही कोणी.

खरी भीती दगडांची नाही, झाडांची. ओढा अरुंद, दोन्ही काठांवर दाट झाडी, आणि मध्येच आडवी पडलेली फांदी. आई, चहाच्या गाळणीतून चहा जातो आणि पत्ती अडकते ना, तसं पाणी फांद्यांमधून जातं आणि माणूस अडकतो. असं झाड दिसलं की होडी उचलायची आणि काठानं चालायचं. आम्ही त्या दिवशी पाच-सहा वेळा चाललो.

फोटोत नाही तेही लिहिते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. एका अरुंद जागी माझी होडी आडवी झाली आणि चुन्याच्या कंगोऱ्याला टेकली. अशा वेळी अंग आपोआप दगडापासून लांब झुकतं. तसं केलं की वरून येणारं पाणी होडीच्या काठावर चढतं आणि होडी पालथी. उलट करायचं असतं: दगडावर झुकायचं, त्याला मिठी मारायची. मी मारली. दगड एवढा खरखरीत की कोपराची साल निघाली, पण होडी पालथी झाली नाही. तेवढ्यात काठावरून त्या बाईनं दोर फेकला, बरोबर माझ्या छातीवर.

बाबा, मी सातवीत होते. शाळा सुटली आणि नाला भरून आला. तुम्ही पलीकडच्या काठावरून बैलाचा कासरा फेकला होता. मी धरला, आणि तुम्ही ओढायच्या ऐवजी ओरडलात, "थांब! पाणी गढूळ हाय, पाय नको टाकू." कासरा हातात धरून मी या काठाला, तुम्ही त्या काठाला, दीड तास उभे होतो. पाणी गुडघ्याच्या खाली गेलं तेव्हा तुम्ही "ये" म्हणालात. तेव्हा मला तुमचा राग आला होता, भूक लागली होती म्हणून.

पुढं वीस-पंचवीस फुटांचा मोठा धबधबा आहे. आमच्यातले दोघं वरून गेले, चांगले गेले. मी बराच वेळ काठावर उभी राहून बघितलं. पाणी गढूळ नव्हतं, पार तळापर्यंत दिसत होतं, तरी पाय टाकावासा वाटला नाही. होडी खांद्यावर घेतली आणि बाजूच्या पायवाटेनं उतरले. खाली दोघांनी चिडवलं थोडं. ती बाई मात्र माझ्यासोबतच चालत उतरली.

पुढच्या वेळी जायच्या आधी सांगेन. आल्यावर नाही, आधी. तुम्ही नको म्हटलं तर काय करीन ते आत्ता लिहून देत नाही, कारण खोटं लिहायचं नाही.

हरभरा निघाला असेल. काय भाव मिळाला? आई, गुडघ्याच्या गोळ्या संपायच्या आधी दादाला सांगत जा. आणि बाबा, विहिरीला यंदा किती परस पाणी आहे? ते आईला विचारलं तर ती "आहे बाप्पा" एवढंच म्हणते. रविवारी तुम्हीच सांगा.

तुमची,
ताई