वर्षाचा पॅक विकला आणि मेन फाईटला कुलूप लावलं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

नमस्कार साहेब/मॅडम,

मी भुसावळचा. रेल्वेत नोकरी, शिफ्ट ड्युटी आणि बॉक्सिंगचं वेड कॉलेजपासूनचं. तुमच्या ॲपचा वर्षाचा पॅक घेतला तो फक्त बॉक्सिंगसाठी, कारण जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं की वर्षभर सगळ्या मोठ्या फाईट्स लाईव्ह. क्रिकेट दुसऱ्या ॲपवर आहे, सिरियली घरचे टीव्हीवर बघतात, म्हणजे तुमच्याकडं यायचं दुसरं काही कारणच नव्हतं.

आता झालं काय ते सांगतो. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, नाईट करून आलेल्या माणसाला याच्याइतकी सोयीची वेळ नाही. पुतण्या आला होता, व्यायामशाळेतली पोरं आली होती, आत शेवभाजीची फोडणी पडलेली. अंडरकार्डच्या, म्हणजे मेन फाईटआधीच्या छोट्या फाईट्स झकास चालल्या, पिक्चर एकदम क्लिअर. मग मेन फाईटवाला रिंगवॉकला, म्हणजे रिंगकडं चालत यायला निघाला, स्टेडियमचे लाईट गेले, म्युझिक सुरू झालं आणि स्क्रीनवर करड्या रंगाचं एक कुलूप आलं. खाली लिहिलेलं, हा इव्हेंट तुमच्या प्लॅनमध्ये नाही, 699 रुपये भरा. म्युझिक मागं चालूच होतं बरं का, फक्त चित्र गेलं. पोरं म्हणाली काय भो हे! मी पैसे भरले नाहीत. ऐपत नव्हती म्हणून नाही, डोकं फिरलं म्हणून.

आमच्याकडं जत्रेत दंगल असते, आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत चढत शेवटची मोठी जोडी. वर्गणी आधीच घेतलेली असते. शेवटची जोडी आखाड्यात उतरली की पंच कधी झोळी घेऊन पुन्हा फिरत नाही आणि फिरला तर गाव त्याला सोडणार नाही.

तुमच्या चॅटवर माणूस आहे का मशीन हे मला अजून कळलेलं नाही. काहीही विचारा, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो हेच वाक्य. शेवटी सांगितलं की नियम व अटींमध्ये लिहिलंय, प्रसारण हक्कांनुसार कंटेंट बदलू शकतो. आणि त्याच्यावर कडी म्हणजे नंतर मेल आला की अमुक प्रमोटरच्या (म्हणजे फाईट्स भरवणाऱ्याच्या) फाईट्स पुढच्या महिन्यापासून आपल्या ॲपवर दिसणार नाहीत, करार संपला. माझा पॅक संपायला बराच अवकाश आहे, त्याचं काय? मेलमध्ये खाली दुसऱ्या कसल्यातरी लीगची जाहिरात होती.

मी अडाणी गिऱ्हाईक नाही, हा धंदा कसा चालतो ते थोडंफार मला कळतं. अमेरिकेतल्या एचबीओ चॅनेलने 45 वर्षं बॉक्सिंग दाखवून 2018 ला बंद केलं, तिथल्याच शोटाईम चॅनेलने 2023 संपता संपता दुकान आवरलं, आणि ती जागा ॲपवाल्यांनी घेतली. डझोन (DAZN) हे खेळ दाखवणारं ॲप 2018 ला अमेरिकेत आलं तेव्हा त्यांची जाहिरातच ही होती की पे-पर-व्ह्यूचा, म्हणजे फाईटगणिक वेगळे पैसे भरायचा जमाना गेला, महिन्याचे पैसे भरा आणि सगळं बघा. मेक्सिकोच्या स्टार बॉक्सर कॅनेलो अल्वारेझला 11 फाईट्सचे 36.5 कोटी डॉलर देऊ केले, तो करार 2020 मध्येच कोर्टकचेरी होऊन मोडला. आणि मे 2022 ला कॅनेलो-बिवोल फाईट त्याच ॲपवर पे-पर-व्ह्यू होती, महिन्याचे पैसे भरणाऱ्यांनाही अमेरिकेत वर 59.99 डॉलर. तेव्हा हा प्रकार तुम्ही शोधून काढलेला नाही हे मान्य, पण म्हणून तो बरोबर होत नाही ना.

आणि वेगळे पैसे न घेता जमतच नाही असंही नाही. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर 2024 ला यूट्यूबवाला जेक पॉल आणि 58 वर्षांच्या माईक टायसनची फाईट चालू सबस्क्रिप्शनमध्येच दाखवली. ती फाईट म्हणजे बॉक्सिंगपेक्षा तमाशा जास्त, बफरिंगने जगभर लोक वैतागले ते वेगळं, पण त्याच कार्डवर आपला हरियाणाचा नीरज गोयत जिंकला आणि केटी टेलर-अमांडा सेरानो ही बायकांची खरी फाईट झाली. सप्टेंबर 2025 ला कॅनेलो-क्रॉफर्डसुद्धा तसंच, जास्तीचा रुपया नाही. तिथं ॲप प्रमोटरला एकरकमी पैसे देतं आणि नवे सबस्क्रायबर मिळवतं. तुम्हाला सबस्क्रायबरपण पाहिजे आणि फाईटगणिक तिकीटपण पाहिजे.

माझा मुद्दा एवढाच आहे की तुम्ही प्रमोटरकडून हक्क घेता ठराविक फाईट्सचे, ठराविक मुदतीचे, आणि आम्हाला विकता अख्खं वर्ष. करार कधी संपणार हे पॅक विकताना तुमच्या ऑफिसात माहीत असतं, आमच्यापासून ते लपवता. क्रिकेटला निदान 2007 चा कायदा आहे, महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो, दूरदर्शनवर बघता येतं. आमच्या बॉक्सिंगला कोण वाली? केबल होतं तेव्हा चॅनेल गेलं की केबलवाल्याला पुढच्या वसुलीला दारात अडवता तरी यायचं.

सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाईटवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात 13 प्रकार दिलेत. त्यातले ड्रिप प्रायसिंग (पूर्ण किंमत आधी न सांगता नंतर वाढवणं) आणि बेट अँड स्विच (एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं) हे दोन तुमच्या लीगल टीमने जरा वाचावेत, मला तर ते वाचताना तुमचीच स्क्रीन डोळ्यांपुढं आली.

तर मला पाहिजे काय? हक्क गेल्यापासून पॅक संपेपर्यंतच्या महिन्यांचे पैसे परत, आणि कूपन नको, ज्या खात्यातून कापले त्याच खात्यात. पॅक विकायच्या पानावर कुठल्या प्रमोटरच्या फाईट्स कधीपर्यंत आहेत ती तारीख टाका आणि पे-पर-व्ह्यू काय असणार ते पैसे घेण्याआधी सांगा, रिंगवॉकला नाही. उत्तर मेलवर लेखी द्या, चॅटवर नको. ऑटोपे मी बंद केलंय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकतो, कुलपाच्या स्क्रीनचा फोटो आणि तुमची जाहिरात दोन्ही माझ्याकडं आहेत.

आपला,
एक वैतागलेला सबस्क्रायबर
भुसावळ, जि. जळगाव

ता.क. पुतण्याने ती फाईट नंतर हायलाईट्समध्ये पाहिली. कोण जिंकलं ते तुमच्याच ॲपच्या नोटिफिकेशनने त्याला आधीच सांगून टाकलं होतं. तेवढं तरी बंद करा.