जुन्या स्पोर्ट्स कारचे मॅनिफोल्ड : ‘स्टेनलेस’ म्हणजे नेमके कोणते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. जुने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून धुराड्याच्या नळीत सोडणारा भाग) तडकले असेल तर सरळ स्टेनलेस स्टीलचे करून घ्यावे, म्हणजे कायमची काळजी मिटते, असा सल्ला त्यात आहे. वाळूज येथील कारखान्याच्या टूलरूममध्ये उभे आयुष्य काढलेला आणि हाच सल्ला मानून हात पोळून घेतलेला माणूस म्हणून मला त्याबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे.

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिच्या १७९८ सीसी इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागाला) एक्झॉस्टची तीनच तोंडे असतात आणि मधल्या तोंडातून दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन सिलिंडरांचा वायू बाहेर पडतो. माझ्या गाडीचे मूळ बिडाचे (ओतीव लोखंडाचे) मॅनिफोल्ड याच मधल्या फाट्यावर तडकले होते. सकाळी गाडी सुरू केली की टिकटिक आवाज येई आणि इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटली की तो थांबे, त्यामुळे दोष लक्षात यायलाच कित्येक महिने गेले. अखेर काजळीची केसाएवढी रेघ दिसली.

तेव्हा शहरातील एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मी स्टेनलेसचे मॅनिफोल्ड करून घेतले. पाइप ‘३०४’ या स्टेनलेसच्या नेहमीच्या ग्रेडचा आहे असे तोंडी सांगण्यात आले, चुंबक लावून तो चिकटत नाही हेही दाखवण्यात आले आणि मी विश्वास ठेवला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, आणि वेल्डिंगच्या अगदी कडेला, नखाच्या रुंदीइतक्या अंतरावर, पाइप अर्ध्या घेरापर्यंत फाटला. मॅनिफोल्ड काढून फ्लँजवर, म्हणजे हेडला बोल्टने आवळल्या जाणाऱ्या सपाट पट्टीवर, सरळपट्टी ठेवली, तर मधोमध ०.८ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत सरकली, म्हणजे फ्लँज वाकली होती. पाइप कापून आत पाहिले तेव्हा वेल्डिंगच्या मागच्या बाजूला पिठल्याच्या खरपुडीसारखा काळा, खरबरीत थर होता. टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने केलेले विजेचे वेल्डिंग) करताना तापलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा आर्गॉन वायू पाइपच्या आतून सोडलाच नव्हता, याची ती खूण. एका स्नेह्याच्या कारखान्यात त्या तुकड्याची मिश्रधातू-तपासणी करून घेतली, तेव्हा मँगनीज ९ टक्क्यांच्या वर आणि निकेल जेमतेम १ टक्का निघाले. खऱ्या ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के असते. म्हणजे मला मिळाला होता तो २०० मालिकेतला, निकेलऐवजी बराचसा मँगनीज घातलेला स्वस्त पाइप, आणि तोही चुंबकाला चिकटत नाही.

चुंबकाची ही परीक्षा आपल्याकडे सर्रास केली जाते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ती दोन्हीकडून फसवते. २०० मालिकेचा माल तिच्यात उत्तीर्ण होतो, आणि सुमारे ११ टक्के क्रोमियमचे ४०९ स्टील, जे मोटार कंपन्या एक्झॉस्टसाठी वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत, ते चुंबकाला चिकटते म्हणून ‘नकली’ ठरवले जाते. ४०९ वर वरवरचा तांबूस गंज येतो, ते दिसायला देखणे राहत नाही हे खरे. पण तापल्यावर ते बिडाच्या जवळपासच प्रसरण पावते आणि हा मॅनिफोल्डच्या दृष्टीने फार मोठा गुण आहे. एक मीटर लांबीचा तुकडा ५०० अंशांनी तापवला, तर बीड साधारण ६ मिमी वाढते आणि ३०४ साधारण ९ मिमी. हेड मात्र त्या मानाने थंड असल्यामुळे फारसे वाढत नाही. तिन्ही तोंडांना मिळून एकच सलग फ्लँज लावली आणि स्टडसाठी (हेडमधून बाहेर आलेल्या आटे असलेल्या दांड्यांसाठी) भोके तंतोतंत मापाची ठेवली, तर ही वाढ जाणार कुठे? फ्लँज वाकते किंवा पाइप फाटतो. मूळ मॅनिफोल्डला प्रत्येक तोंडाशी स्वतंत्र फ्लँज आहे, ती उगीच नाही.

एमजीबीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. इनलेट (इंधनमिश्रित हवा आत नेणारे) आणि एक्झॉस्ट या दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँज जिथे शेजारी येतात, तिथे दोन्हींना एकच नट आणि एकच रुंद वॉशर दाबून धरतो. नव्या फ्लँजची जाडी इनलेटच्या फ्लँजइतकी नसेल तर वॉशर तिरका बसतो आणि कोणती तरी एक बाजू गळतेच. माझ्या मॅनिफोल्डची पट्टी ६ मिमीची, म्हणजे इनलेटपेक्षा पातळ होती. तेव्हा सगळा दोष धातूच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

खरे ३०४ असते तरी ते निर्धोक ठरले असते असे नाही. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते वारंवार राहिले, की त्यातील क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमांवर साचते आणि वेल्डिंगच्या आजूबाजूचा भाग गंजाला बळी पडतो. म्हणूनच टायटॅनियम असलेले ३२१ किंवा नायोबियम असलेले ३४७ अशा कामासाठी अधिक योग्य. स्टेनलेसची जमेची बाजूही सांगायला हवी. ते बिडापेक्षा बरेच कमी उष्णता वाहून नेते, आणि एमजीबीचे दोन्ही कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या वरच असल्याने आपल्याकडच्या ४२ अंशांच्या मे महिन्यात त्यांना याचा दिलासा मिळू शकतो. साध्या पोलादाचे मॅनिफोल्ड स्वस्त पडते, पण साडेपाचशे अंशांपुढे त्याचे पोपडे सुटू लागतात, आणि वर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर पाइप आणखी तापून तेच लवकर होते.

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझे मत बिडाच्याच बाजूचे आहे. त्यातील ३ ते ४ टक्के कार्बन बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, त्यामुळे ते आवाज आणि कंप जिरवते. ते ठिसूळ आहे, पण दुरुस्त होते. माझ्या मूळ मॅनिफोल्डच्या तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडून, ते सगळे तापवून, निकेलच्या रॉडने वेल्डिंग केले, रात्रभर चुन्याच्या भुकटीत पुरून हळूहळू निववले आणि मग मिलिंग मशीनवर बसण्याची बाजू सपाट करून ते गाडीला बसवले. वेरूळचा घाट त्यानंतर अनेकदा चढून झाला आहे. काजळीची रेघ पुन्हा दिसलेली नाही. मूळ भाग अगदीच गेला असेल, तर कोल्हापूरकडे फाउंड्रींना तोटा नाही. सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॉलिब्डेनम असलेल्या एसजी आयर्नमध्ये (ज्यात ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपात असते अशा, कमी ठिसूळ बिडात) नवे ओतून घेता येते. पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) करताना थंड होतानाच्या आकुंचनासाठी साधारण १ टक्का वाढ धरावी.

ज्यांना स्टेनलेसच हवे असेल त्यांनी बिलावर ‘एसएस’ एवढेच न लिहू देता ग्रेडचा आकडा लिहून घ्यावा आणि त्याच हीट नंबरचे (म्हणजे धातूच्या त्याच घाणीचे) मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पोलाद कारखान्याचा तपासणी दाखला, मागावे. आपल्या लेखकमहोदयांनी पुढील लेखात ‘स्टेनलेस’ या शब्दापुढे ग्रेडचा उल्लेख करावा आणि चुंबकाच्या परीक्षेविषयी वाचकांना सावध करावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक
सिडको, छत्रपती संभाजीनगर